आमची वाटचाल : काम पापणीच्या कडेचं

दवाखाना काढला तेव्हा पापण्यांचं वेगळं काम करायचं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. चष्म्याचे नंबर, मोतीबिंदू, काचबिंदूची तपासणी यातच दिवस संपायचा. पण काही चेहरे ठरल्यासारखे परत यायचे. डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, कडा कायम लाल, मधूनमधून रांजणवाडी. सोबत पिशवीत थेंबांच्या रिकाम्या बाटल्या. आम्ही आणखी एक बाटली लिहून द्यायचो आणि वर सांगायचो, ‘घरी शेक घेत जा.’

शेकाने गुण येतो, यात वाद नाही. पापण्यांच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, एका डोळ्याला वरखाली मिळून पन्नासच्या आसपास. हाइनरिख माइबोम या जर्मन डॉक्टरांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्या माइबोमियन ग्रंथी. त्यांचं तेल अश्रूंवर पसरतं आणि पाणी लवकर उडू देत नाही. कडेचा दाह जुना झाला की तेल थिजतं, तोंडं बुजतात. ते सैल व्हायला पापणीला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते, तीही सलग पाच-दहा मिनिटं. गरम पाण्यात पिळलेला रुमाल तेवढा वेळ गरम राहतच नाही. आम्ही स्वतः घरी करून पाहिलं. आठवडाभरही टिकलो नाही.

म्हणून हे काम आम्ही खुर्चीवर आणलं. सामानाची खोली रिकामी केली, मागे रेलणारी एक खुर्ची आणि स्लिट लॅम्प, म्हणजे डोळा मोठा करून बघायचा दिव्याचा मायक्रोस्कोप, मांडला. आधी पापणी उबवायची, बधिर करणारा थेंब टाकायचा, कडेवरचा कोंडा आणि पापुद्रा काढायचा, मग चपट्या चिमट्यात पापणी धरून ग्रंथी दाबायच्या. निरोगी ग्रंथीतून स्वच्छ पातळ तेल येतं. इथे टूथपेस्टसारखा पांढरा दोरा बाहेर यायचा. हे दुखतं. सुरुवातीला आम्ही ‘थोडंसं टोचेल’ म्हणायचो. एक मावशी दुसऱ्या खेपेला खुर्चीत बसता बसता म्हणाल्या, ‘डॉक्टर, थोडंसं म्हणजे तुमच्या हिशेबाने किती?’ तेव्हापासून ‘दुखेल’ असंच सांगतो.

मग कर्ज काढून आयपीएलचं, म्हणजे तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं यंत्र घेतलं. हे प्रकाशाचे झोत मुळात त्वचेच्या डॉक्टरांचे. रोझेशियाच्या, म्हणजे चेहरा लाल पडण्याच्या त्वचारोगाच्या रुग्णांचे डोळेही त्याने निवळतात असं दिसलं आणि ते डोळ्यांच्या दवाखान्यात आले. यंत्र चांगलंच आहे. पण हप्ता डोक्यावर असला की समोरचा प्रत्येक जण आयपीएलचा पेशंट दिसू लागतो, हे आमच्या बाबतीत घडलं, लपवण्यात अर्थ नाही.

एका काकांना तीन झोत देऊन झाले, खाज तसूभर कमी नाही. चौथ्या वेळी आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘सर, यांना जरा खाली बघायला सांगा.’ काकांनी नजर खाली केली आणि वरच्या पापणीचा एकेक केस बुडाशी पारदर्शक नळीत खोचल्यासारखा दिसला. इतके दिवस आम्ही त्यांना समोरच बघायला लावत होतो! एक केस उपटून मायक्रोस्कोपखाली धरला, तर स्क्रीनवर डेमोडेक्स, केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म किडा : लांबट, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान, पुढच्या बाजूला आठ आखूड पाय, हळूहळू हलणारा. काका बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, ‘हा एकटाच आहे का?’

तिन्ही झोतांचे पैसे परत केले. किड्यांवर टी ट्री तेलाच्या सौम्य द्रावणाने कडा साफ करणं सुरू केलं. शुद्ध तेल डोळ्याजवळ नेऊ नये, भाजतं. अमेरिकेत २०२३ मध्ये याच किड्यांसाठी लोटिलानर या औषधाच्या थेंबांना मान्यता मिळाली, सहा आठवडे दिवसातून दोनदा घालायचे. काकांना मात्र सफाईनेच आराम पडला.

आता आयपीएल आम्ही मोजून देतो. गडद त्वचा तो प्रकाश जास्त शोषते, भाजू शकते, डाग पडू शकतो. म्हणून त्वचेच्या रंगाच्या एक ते सहा अशा फिट्झपॅट्रिक प्रतवारीत पाच-सहावर, म्हणजे सर्वांत गडद गटांत असणाऱ्यांना सरळ नाही म्हणतो. पापणी आतून सुमारे ४२ अंशांवर तापवून बारा मिनिटांत दाबणारं लिपिफ्लो हे यंत्र मात्र घेतलं नाही. त्यात डोळ्यावर बसवायचा भाग दर वेळी नवा लागतो, तो खर्च पेशंटच्याच माथी गेला असता. त्याऐवजी ग्रंथींचा फोटो घेणारा इन्फ्रारेड कॅमेरा घेतला. ज्या ग्रंथी आक्रसून गेल्या त्या उगवत नाहीत, हे फोटो दाखवूनच सांगतो. आजार मुळापासून जाणार नाही, आटोक्यात राहील, असं पहिल्याच भेटीत बोलतो. काही जण तिथूनच उठून जातात. आणि वय झालेल्या माणसाला एकाच जागी गाठ पुन्हा पुन्हा येत असेल तर शेक-बिक बाजूला ठेवून आधी तुकडा तपासायला पाठवतो. क्वचित तो कर्करोग असतो.

कर्ज फिटलं. यंत्रावर बऱ्याचदा आच्छादन असतं. सामानाच्या खोलीतली खुर्ची मात्र रिकामी नसते. त्या मावशी अजून चार-सहा महिन्यांनी येतात. किती दुखेल हे आता विचारत नाहीत. मागे रेलून सिस्टरना सांगतात, ‘आज डावा आधी घ्या, तो जास्त बोंबलतोय.’