वायफायचे उद्योग, हप्ता तिसरा: बोर्डावरचा पासवर्ड

मागच्या हप्त्यात जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मूळ सिस्टीम काढून बसवायची मोफत सिस्टीम) चढवलं होतं आणि तो चक्क परत सुरू झाला, इथं थांबलो होतो. त्यानंतर दीड महिना गेला. मंगळवार पेठेतल्या घरात आता सगळं सुरळीत आहे, त्यामुळं हात शिवशिवायला लागले आणि मी उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपकडं वळलो. दोन लेथ, एक सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन), बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर आणि कामगारांचे मोबाईल. सगळे एकाच वायफायवर, एकाच पासवर्डवर. तो पासवर्ड फोडता येतो का ते बघायचं ठरवलं.

आधीच सांगून ठेवतो, मामांची परवानगी घेऊन केलंय. दुसऱ्याच्या नेटवर्कवर असले प्रयोग केले तर २००० सालच्या आयटी कायद्याचं कलम ४३ आणि ६६ आहेच.

मामांना म्हटलं, पासवर्ड सांगू नका, फक्त तुमच्या फोनचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. वायफायचं डोंगल मॉनिटर मोडमध्ये, म्हणजे आसपासचे सगळे वायफाय निरोप ऐकत राहील असं, लावून बसलो होतोच. फोन परत जोडला गेला आणि हँडशेकचे, म्हणजे जोडताना फोन आणि राउटर एकमेकांना पाठवतात ते, चारही निरोप फाईलमध्ये आले. डब्ल्यूपीए२ (वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत) मध्ये पासवर्ड हवेतून कधीच जात नाही, हे नव्या मंडळींसाठी. पण त्या चार निरोपांत एवढं असतं, की आपला अंदाज बरोबर की चूक हे नंतर घरी बसून, राउटरला पत्ताही लागू न देता तपासता येतं. अडथळा एकच: प्रत्येक अंदाज नेटवर्कच्या नावासकट ४०९६ वेळा घुसळावा लागतो, म्हणून वेळ लागतो.

किती वेळ? माझ्या लॅपटॉपचं किरकोळ ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साधारण दीड लाख अंदाज तपासतं. पासवर्ड म्हणजे मोबाईल नंबरच असेल असं धरलं. आपल्याकडचा मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात सहा ते नऊमधल्या एका अंकानं, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. भागाकार केला तर जेमतेम साडेसात तास. रात्री लावून झोपायचं, सकाळी चहाबरोबर पासवर्ड. पण तेवढंही थांबायची गरज नव्हती. आपल्या भागातले जुने नंबर ९८२२, ९८९०, ९४२२ अशा मोजक्या आकड्यांनी सुरू होतात. पहिले चार आकडे धरले की उरतात फक्त दहा लाख. लॅपटॉपचा पंखा नीट घुमायच्या आत नंबर स्क्रीनवर आला.

मोठ्या तोऱ्यात मामांना दाखवला. मामा चष्मा कपाळावर सरकवून बघतात तर काय, "त्यात काय एवढं? बोर्डावर बघून मीबी सांगतो की. पोरं सारखी इचारत्यात, म्हणून त्योच ठेवलाय."

बाहेर येऊन बघितलं. दुकानाच्या नावाखाली, पिवळ्यावर लाल अक्षरात, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा. मी दीड महिना डोंगल, अँटेना आणि ड्रायव्हर यांच्याशी झटापट करत होतो ती या नंबरासाठी! त्या गल्लीत परत चालताना इतर बोर्डांकडं आता वेगळ्याच नजरेनं बघतो. बघतोच फक्त.

तर पहिलं काम पासवर्ड. फाशानं शब्द निवडायची पद्धत तुम्हाला माहीत असेल: फासे टाकायचे आणि पडलेल्या आकड्यांपुढचा शब्द यादीतून उचलायचा. मी मराठी शब्दांची स्वतःची यादी केली, चार फाशांना पुरेल अशी, म्हणजे १२९६ शब्द. पाच शब्द घेतले तर माझ्या लॅपटॉपला साडेसातशेच्या वर वर्षं लागतील. ऐकायला भरपूर, पण हजार चांगली कार्डं जोडणाऱ्याला ते वर्षभराचंही काम नाही. सहावा शब्द जोडला की लॅपटॉपचा हिशोब दहा लाख वर्षांवर जातो. सहा ठरले. आठ ते ६३ अक्षरांच्या मर्यादेत आरामात बसतात.

खरी कटकट वेगळीच निघाली. शब्द मराठी, टाईप करायचे रोमन लिपीत. 'विहीर' लिहिताना व्ही की डब्ल्यू? 'ही'ला एक आय की दोन ई? 'झाडू'ला झेड की जे-एच? ऑफिसातल्या ताईंनी तीनदा टाकला, तीनदा चुकला, आणि दोष माझ्या राउटरला. मग रविवारी बसून व, झ, ळ, क्ष असलेले आणि दीर्घ वेलांटी-उकाराचे सगळे शब्द यादीतून उपटले, त्या जागी बटाटा, कपाट, मटका, पदर असले सरळ शब्द भरले. यादी बनवणार असाल तर हे आधीच करा.

दुसरं काम विभागणी. ऑफिस, कॅमेरे आणि पाहुणे-कामगार अशी तीन नावं, तीन व्हीलॅन (एकाच राउटरवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं). पाहुण्यांच्या बाजूला क्लायंट आयसोलेशन, त्यामुळं एक फोन दुसऱ्याला दिसत नाही. पाहुण्यांच्या वायफायचा क्यूआर कोड लॅमिनेट करून चहाच्या कट्ट्याजवळ लावला. कोडमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत असतो, म्हणून ऑफिसचा कोड छापायचा नाही, हे मामांना दोनदा सांगितलं. इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या डब्यावर डब्ल्यूपीएस (पासवर्डाऐवजी पिननं जोडायची सोय) चालू होतं आणि ॲडमिनचा पासवर्डही मूळचाच. डब्ल्यूपीएसचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा, म्हणजे फार तर ११,००० प्रयत्न. हे २०११ पासून जगजाहीर आहे. त्या डब्याचं वायफायच बंद केलं, आता तो फक्त फायबर घेतो.

डब्ल्यूपीए२ च्या पुढची पद्धत डब्ल्यूपीए३, तिचं मात्र गाडं अडलं. त्यात प्रत्येक अंदाजासाठी थेट राउटरशीच बोलावं लागतं, घरी नेऊन तपासायची सोय नाही. म्हणून मला ते हवंच होतं. मिश्र मोड (डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालू) लावला, तर प्रिंटर नेटवर्कवरून गायब. मॅनेजमेंट फ्रेम संरक्षणाची (जोडणी-तोडणीच्या निरोपांना कुलूप लावायची) सेटिंग ऐच्छिक ठेवली तरी ढिम्म. शेवटी त्याला सरळ केबल ओढली. आणि मिश्र मोडवर फार विसंबू नका. पासवर्ड दोन्हीकडं तोच, तेव्हा एखादा जुना फोन डब्ल्यूपीए२ नं जोडला गेला की हँडशेक पकडणाऱ्याला पूर्वीसारखाच मिळतो. ऑफिसचं नेटवर्क आता निव्वळ डब्ल्यूपीए३, बाकी दोन्ही डब्ल्यूपीए२.

सिग्नल रस्त्यावर जाऊ नये म्हणून ट्रान्समिट पॉवर कमी करून पाहिली. पत्र्याची शेड, मध्ये लोखंडच लोखंड. बाहेर फाटकाशी उणे ७१ चं उणे ७८ डीबीएम झालं (आकडा जितका जास्त उणे, तितका सिग्नल कमजोर), आणि आत सीएनसीजवळ नेट बंद पडलं. परत वाढवली. चांगल्या अँटेनावाल्याला सात डीबीनं काय फरक पडतोय!

अडलंय ते कॅमेऱ्यांपाशी. डीव्हीआरचं इंटरनेट तोडलं, आणि त्याच रात्री नऊला मामांचा फोन, "लेका, घरनं दुकान दिसंना झालंय." वायरगार्ड (बाहेरून आतल्या नेटवर्कमध्ये सुरक्षित यायची वाट, म्हणजे व्हीपीएन) राउटरवर बसवलंय, वर्कशॉपच्या आत उत्तम चालतं. पण कनेक्शन सीजीनॅटच्या मागं आहे, म्हणजे अनेक गिऱ्हाइकांत मिळून एकच पत्ता; बाहेरून आत यायला आयपीव्ही४ चा (इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचा) स्वतःचा पत्ताच नाही. नव्या पद्धतीचं आयपीव्ही६ मिळतंय, पण मामांच्या घरच्या जुन्या राउटरला ते कळत नाही. मोबाईल डेटावर आयपीव्ही६ नं जोडणी झाली, घरच्या वायफायवर नाही. म्हणून सध्या मामा जेवण झालं की फोनचं वायफाय बंद करून ओट्यावर बसून दुकान बघतात. पुढच्या रविवारी त्यांच्या घरचा राउटर बदलायचा आहे. कुणाकडं ओपनडब्ल्यूआरटी चालणारा, १६ एमबी फ्लॅश मेमरीवाला जुना राउटर पडून असेल तर ठेवा माझ्यासाठी.