मोहरीच्या फांद्या मोजण्याआधी

मोहरीच्या एका झाडाचं उत्पादन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे आणि दाण्याचं वजन. २५० शेंगा, शेंगेत सरासरी १२ दाणे, हजार दाण्यांचं वजन साडेचार ग्रॅम धरलं, तर एका झाडाचे साडेतेरा ग्रॅम झाले. ४५ बाय १५ सेंटिमीटरवर हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार झाडं बसतात, म्हणजे २० क्विंटलच्या आसपास. कागदावर. शेतात हे तिन्ही आकडे एकमेकांना ओढत असतात. शेंगा वाढल्या की दाणा बारीक पडतो, शेंगेत दाणे जास्त भरले की प्रत्येकाच्या वाट्याला अन्न कमी येतं.

म्हणूनच नवा वाण काढताना नुसत्या सहसंबंधावर (दोन गुण किती बरोबरीनं वाढतात-घटतात, त्याचा आकडा; जास्तीत जास्त १) विसंबून झाडांची निवड केली की फसगत होते. दुय्यम फांद्यांचंच, म्हणजे मुख्य फांद्यांवर फुटणाऱ्या फांद्यांचंच घ्या. मोहरीवरच्या अनेक प्रयोगांत त्यांचा उत्पादनाशी चांगला सहसंबंध दिसतो आणि लगेच निष्कर्ष निघतो, की फांद्याळ झाडं निवडा. पण फांदी स्वतः दाणा देत नाही, शेंगा देते. समजा, दुय्यम फांद्यांचा उत्पादनाशी सहसंबंध ०.५० आला, फांद्या आणि शेंगांचा आपसात ०.७५, आणि शेंगांचा उत्पादनाशी ०.६४. पथ विश्लेषण केलं, म्हणजे सहसंबंधाची थेट परिणाम आणि दुसऱ्या गुणामार्फत येणारा परिणाम अशी फोड केली, की फांद्यांचा थेट परिणाम निघतो जेमतेम ०.०५. उरलेले ०.४५ शेंगांमार्फत येतात: शेंगांचा थेट परिणाम ०.६०, गुणिले ०.७५. भरपूर फांद्या पण शेंड्याकडे वांझ शेंगा, असं झाड निवडलं तर हाती काडच लागणार.

ही पद्धत अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ सेवॉल राइटनं १९२१ मध्ये मांडली. ड्यूई आणि लू या संशोधकांनी १९५९ मध्ये ती एका चाऱ्याच्या गवताच्या बीजोत्पादनाला लावली आणि मग पीक पैदाशीत ती रुळली. आज सॉफ्टवेअर क्षणात तक्ता देतं, त्यामुळे तक्त्याच्या तळाशी असलेला अवशिष्ट परिणाम, म्हणजे घेतलेल्या गुणांपलीकडे उरलेला भाग, कुणी पाहत नाही. वरच्या उदाहरणात तो ०.७७ येतो, त्याचा वर्ग ०.५९. म्हणजे उत्पादनातल्या फरकापैकी जवळपास ६० टक्के या दोन गुणांनी सांगितलेलाच नाही. दाण्याचं वजन आणि शेंगेतले दाणे घेतल्याशिवाय तो तक्ता अर्धवटच.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. त्याच तक्त्यात एकूण जैविक वजन (दाण्यासकट सगळ्या झाडाचं वजन) आणि कापणी निर्देशांक दोन्ही घालतात, आणि मग 'या दोन गुणांचा थेट परिणाम सर्वाधिक' असं लिहितात. येणारच! दाण्याचं वजन भागिले एकूण वजन म्हणजेच कापणी निर्देशांक. दोघांचा गुणाकार केला की पुन्हा उत्पादनच मिळतं. त्यात झाडाबद्दल नवं काही कळत नाही.

मोजणीतल्या चुका तर विश्लेषणाच्या आधीच घात करतात. नांगी पडलेल्या, म्हणजे रोप नसल्यानं रिकाम्या राहिलेल्या जागेशेजारचं झाड ऐसपैस पसरतं आणि दुप्पट शेंगा धरतं. तो मोकळ्या जागेचा गुण, वाणाचा नव्हे. म्हणून विरळणी वेळेवर करायची, कडेच्या ओळी सोडायच्या आणि फुलोऱ्याआधीच प्रत्येक वाफ्यात ५ ते १० झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधायच्या. काढणीच्या दिवशी झाडं निवडायला गेलं की हात आपोआप भरघोस झाडाकडे जातो. शेंगेतले दाणे मोजायला मुख्य फुलोऱ्याच्या मधल्या भागातल्या दहा शेंगा घ्याव्यात. शेंड्याकडच्या शेंगा उशिरा धरलेल्या, आखूड आणि अर्धवट भरलेल्या असतात. त्या एका वाणात आल्या, दुसऱ्यात नाही, तर तुलनाच मोडली. वजन करण्याआधी सगळ्या नमुन्यांचा ओलावा सारखा, ८ टक्क्यांच्या आसपास, आणावा.

वाण वीसच असतील तर सहसंबंध ०.४४४ च्या वर गेल्याशिवाय ५ टक्के पातळीवर तो अर्थपूर्ण ठरत नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोग असू शकतो. त्यातही बाह्यरूपाचा (शेतात मोजलेल्या आकड्यांचा) आणि आनुवंशिक (परिस्थितीचा वाटा वगळून उरणारा) सहसंबंध वेगवेगळे काढावेत. फुलोऱ्याला लागणारे दिवस आणि उत्पादन यांचं नातं तर हंगामागणिक बदलतं. उशिरा फुलणारी झाडं मावा किडीच्या तोंडी सापडतात, शिवाय दाणे भरताना ऊन चढतं. विदर्भातल्या आखूड थंडीत हे जास्त जाणवतं. लवकर पेरणी झालेल्या, मावा नसलेल्या वर्षी तेच उशिराचे वाण पुढे जाऊ शकतात.

निवडीचा क्रम मी असा ठेवीन. एफ-२ पिढीत, म्हणजे संकरानंतरच्या दुसऱ्या पिढीत, एकेका झाडाच्या उत्पादनावर भरवसा नको, कारण जमिनीचा फरक तिथे सगळ्यात जास्त बोलतो. दाण्याच्या वजनावर परिस्थितीचा परिणाम तुलनेनं कमी, त्यामुळे टपोरा दाणा, मुख्य फुलोऱ्यावर दाट शेंगा आणि वेळेत पक्वता एवढंच तिथे पाहावं. शेंगांची संख्या एफ-४ म्हणजे चौथ्या पिढीनंतर, ओळी पुरेशा स्थिर झाल्यावर, तीन पुनरावृत्तींच्या चाचणीत मोजावी. तेलाचं प्रमाणही तेव्हाच तपासावं, कारण टपोरा दाणा म्हणजे जास्त तेल असं दर वेळी होत नाही.