तुम्ही विचारलंत म्हणून: पेगन लोकांचे देव किती?

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या पेगन मंडळींत माझी ऊठबस आहे. हे कळलं की पुण्याची मावशी असो की इथला मराठी शेजार, प्रश्न एकच येतो: ‘म्हणजे ते आपल्यासारखेच ना, पुष्कळ देव मानणारे?’ आजवर ‘हो, साधारण तसंच’ म्हणून वेळ मारून नेली. पण तुम्ही परत परत विचारताय, तर सविस्तर सांगते.

पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्म पसरण्याआधीच्या युरोपातल्या देवदेवतांना आज नव्याने पुजणारी माणसं. त्यांचा एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही. सगळ्यांत गाजलेला पंथ विक्का. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१मध्ये रद्द झाला आणि १९५४मध्ये या पंथाबद्दल जेराल्ड गार्डनरचं पुस्तक आलं. हा गृहस्थ मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला. आपण एका जिवंत राहिलेल्या प्राचीन पंथाबद्दल लिहितोय, असा त्याचा दावा होता. इतिहासकार तो फारसा मानत नाहीत. विक्कात जोडी असते: एक देवी आणि एक शिंगं असलेला देव.

सगळे देव म्हणजे एकच देव आणि सगळ्या देवी म्हणजे एकच देवी, हे सूत्र त्याहून जुनं. डायन फॉर्च्यून या लेखिकेच्या १९३८च्या कादंबरीत ते आहे आणि तिथून ते विक्कात मुरलं. याला सौम्य बहुदेववाद म्हणतात. ऐकायला किती उदार! पण त्याचा परिणाम पाहा. एकाच देवीची ही सारी नावं असतील तर कुणालाही कुठूनही बोलावता येतं. पूजेला सगळे गोल उभे राहतात, त्या रिंगणात म्हटलं जाणारं एक लोकप्रिय गाणं आहे, त्यात इसिस, डायना, हेकटी या प्राचीन देवींच्या ओळीत आपली कालीही येते. ना जास्वंद, ना नैवेद्य, नुसतं नाव.

यावरच दुसरा गट भडकतो. हे स्वतःला कट्टर बहुदेववादी म्हणवतात. त्यांच्या मते प्रत्येक देव ही वेगळी व्यक्ती आहे. तिचा स्वभाव वेगळा, आवडीनिवडी वेगळ्या, माणसांशी नातंही वेगळं. जॉन मायकेल ग्रीअर या अमेरिकन द्रुइडाने (द्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट पुरोहितांचा वारसा सांगणारे पेगन) २००५मध्ये याची तर्कशुद्ध मांडणी केली. माणसांना आलेले देवाचे अनुभव इतके निरनिराळे असतील, तर देवच अनेक आहेत असं मानणं जास्त सरळ, असा त्याचा रोख.

मला हे लोक पटकन समजले, कारण आपण बोलतो एक आणि करतो दुसरं. ‘देव एकच हो’ हे वाक्य आपल्या तोंडी नेहमीचं. पण चंपाषष्ठीला खंडोबापुढे भरीत-रोडगाच लागतो, आणि लग्न झालं की जोडपं कुलदैवताच्याच गावी जातं. जवळचं देऊळ चालत नाही.

तिसरी तऱ्हा देव ‘मानण्या’बद्दलच शंका घेणारी. स्टारहॉक या अमेरिकन लेखिकेने १९७९मध्ये लिहिलं, की तुझा देवीवर विश्वास आहे का असं लोक विचारतात तेव्हा ती उलट विचारते, तुमचा दगडांवर विश्वास आहे का? देवी समोर आहे, मातीत आहे, तिच्याशी नातं जोडायचं. आइसलँडमध्ये थॉर, ओडिन या उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या उपासकांची संस्था १९७२ची, सरकारमान्यता १९७३ची. तिचे प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मारसन हे संगीतकार. आठ पायांच्या घोड्यावर बसलेल्या एकाक्ष पुरुषावर (म्हणजे ओडिनवर) आमच्यात कुणी विश्वास ठेवत नाही, या कथा निसर्गाच्या आणि मनाच्या शक्तींची काव्यमय रूपकं आहेत, असं त्यांनी २०१५मध्ये उघड सांगितलं. शिवाय देव अजिबात न मानता दिवे लावणारे, ऋतूंचे सण पाळणारे निरीश्वरवादी पेगनही आहेत. (आपल्याकडे गणपती बसवणारे नास्तिक असतात, तेव्हा दचकू नका.)

आता तुम्ही म्हणाल, ज्याला जे मानायचं ते मानू दे, रिंगणात सगळे एकत्र उभे राहतात ना? राहतात. ३१ ऑक्टोबरला सावन (Samhain) या पेगन सणाच्या रात्री माझ्या शेजारी तिन्ही प्रकारची माणसं असतात आणि कुणी कुणाला सिद्धान्त विचारत नाही. पण भांडण होतं ते नाव घेताना. अमेरिकेतल्या ओडिनपूजकांच्या काही गटांत लोकीच्या नावाने पेला उचलायला मनाई असते, कारण तो देव घात करणारा. तो केवळ रूपक असता तर त्याला एवढं घाबरायचं कशाला? ज्यांना मनाई खटकते, तेही देवाचा अपमान झाला म्हणूनच चिडतात. मला वाटतं, माणूस देवाला काय समजतो हे त्याच्या व्याख्येपेक्षा अशा वादांत जास्त कळतं.

इथले मित्र मला उलट विचारतात, ‘तू हिंदू, म्हणजे कट्टर की सौम्य बहुदेववादी?’ मी सांगते, कालीचं गाणं सुरू झालं की मी म्हणत नाही. पण ब्रिजिड या आयरिश देवीसाठी फेब्रुवारीच्या सणाला दूध ठेवायचं असेल तर मी घेऊन येते, तिला काय चालतं ते आधी विचारून. यातून मी कुठल्या गटात बसते ते त्यांनीच ठरवावं. मावशीचं मत मात्र पक्कं आहे: दूध सायीचं हवं.