चौकशीत मला चित्र काढायला सांगितले

गेल्या पावसाळ्यात आमच्या कारखान्याच्या भांडारातून ठेकेदाराच्या गोदामाकडे पाठवलेल्या बेअरिंगच्या दोन पेट्या तिथे पोहोचल्याच नाहीत, असे पत्र आले आणि त्या पोहोचवणारा माणूस मीच असल्यामुळे प्राथमिक चौकशी माझ्यावर बसली. चलनावर पोच घेणाऱ्याची सही होती, पण ती कोणाची हे ठेकेदाराकडे कोणालाच सांगता येईना. ती मीच खरडली असावी आणि गोदामापर्यंत मी गेलोच नसावा, हा संशय कोणी तोंडाने बोलत नव्हते, इतकेच.

मी खरे बोलणार होतो, तरीही तीन रात्री जबाबाची उजळणी केली. निघण्याची वेळ, रस्ता, पोहोचण्याची वेळ, पोच, परतीची वेळ, सगळे पाठ. त्यातच युनियनमधल्या एका मित्राने ‘मशीनवर बसवतील’ अशी भीती घातली, म्हणून शोधाशोध केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को (गुंगीचे औषध देऊन प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याचे मशीन) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची नोंद) या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येणार नाहीत, असा निकाल दिल्याचे कळले. तेवढ्याने धीर आला. प्रत्यक्षात समोर आला तो एक कोरा ए-४ कागद आणि शिसपेन्सिल.

दक्षता विभागाच्या मॅडमनी माझा पाठ केलेला जबाब शांतपणे ऐकून घेतला, टंकलेखकाकडून लिहवून घेतला आणि मग म्हणाल्या, “तुम्ही पेट्या जिथे दिल्या, ती जागा काढून दाखवा. चित्र चांगले यायला पाहिजे असे काही नाही.” पोलीस पंचनाम्यातला घटनास्थळाचा कच्चा नकाशा मला ठाऊक होता, पण तो तपास करणारा काढतो, इथे ज्याच्यावर संशय त्याच्याच हातात पेन्सिल दिली होती.

मी अभियंता. हाताला जी सवय तेच हाताने केले: वरून पाहिल्यासारखा आराखडा. चार भिंती, शटर, मांडण्या, मधली वाट, अंदाजे मापेसुद्धा. मॅडमनी कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आणखी काही राहिले आहे का?” मी ‘नाही’ म्हणालो. ज्याला पेट्या दिल्या तो माणूस त्या आराखड्यात नव्हता, हे माझ्या लक्षातच आले नाही.

त्या रात्री मी या पद्धतीविषयी जे मिळेल ते वाचले आणि झोप उडाली. इंग्लंडमधील पोर्ट्समथ विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ आल्डर्ट व्राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३१ जणांना एका ठिकाणी जाऊन एका व्यक्तीकडून सामान घेण्याच्या कामगिरीवर पाठवले होते. परत आल्यावर काहींनी घडले तेच सांगायचे होते, तर काहींनी आपण दुसऱ्याच ठिकाणी गेलो होतो अशी बतावणी करायची होती. सर्वांना त्या जागेचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा खोटे बोलणाऱ्यांनी सामान देणारी व्यक्ती चित्रात बहुधा गाळली होती, आणि खरे बोलणाऱ्यांनी जागा स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसली तशी काढण्याचे प्रमाण जास्त होते. कल्पनेतली जागा उभी करणारा भिंती आणि टेबले मांडतो, तिथल्या माणसाचा त्याला विसर पडतो, असा त्यामागचा तर्क. म्हणजे खोटे बोलणाऱ्याच्या दोन्ही खुणा माझ्या कागदावर होत्या! केवळ चित्रांवरून सुमारे ८० टक्के लोकांबाबत अंदाज बरोबर येत होता, असेही वाचले. उरलेल्यांत आपण आहोत, हे मॅडमना कसे पटवायचे?

दुसऱ्या दिवशी मी जाताच आदल्या चित्राची सफाई देऊ लागलो. त्यांनी मला थांबवले आणि नवा कागद पुढे केला. “आज दारात उभे राहा, आणि काढता काढता बोला.”

इथे मात्र वेगळेच घडले. दार काढले तसे आठवले, की शटर पूर्ण वर जात नव्हते आणि पेटी घेऊन मला वाकावे लागले होते. फरशीवर पाणी आले होते, म्हणून पेट्या खाली न ठेवता वजनकाट्यावर ठेवल्या. काटा काढल्यावर त्याच्यामागचे टेबल काढावे लागले, आणि टेबलापाशी तो माणूस आपोआप आला, कारण त्याचा प्लास्टर घातलेला उजवा पाय स्टुलावर होता आणि चलन पुढे करताना मला त्या पायाला वळसा घालावा लागला होता. सही करताना त्याने चलन मांडीवरच्या वहीवर धरले होते. सही वेडीवाकडी का आली, हे मला तेव्हा, पेन्सिल हातात असताना कळले. तीन रात्रींच्या उजळणीत मी फक्त वेळा घोकल्या होत्या. हा पाय त्यात कुठेच नव्हता.

मॅडमनी मग एकामागून एक प्रश्न विचारले, आणि सगळे त्या कागदावर बोट ठेवून. दिवा कुठे होता, काट्यावर आकडा दिसत होता का, माणसाच्या मागे काय होते. दोन ठिकाणी मी ‘आठवत नाही’ म्हणालो, तेही लिहून घेतले. मी न राहवून पहिल्या आराखड्याबद्दल विचारलेच. त्या म्हणाल्या, “चित्रावरून मी कोणाला खोटे ठरवत नाही. पुढचा प्रश्न कुठे विचारायचा, तेवढे त्यातून कळते.” माझ्या मते या पद्धतीचा खरा उपयोग एवढाच आहे, आणि एका कागदाकडे पाहून निकाल देणारा अधिकारी मिळाला असता, तर माझे काही खरे नव्हते.

आमच्या जीपचे चालक, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनाही स्वतंत्र खोलीत बसवून चित्र काढायला लावले होते. मामा चिडले होते, “या वयात चित्रकला?” म्हणून. व्राय यांच्याच २००९ च्या एका प्रयोगात जोडीजोडीने लोकांना ‘आम्ही एकत्र जेवलो’ असे सांगायचे होते. त्यांतल्या निम्म्या जोड्या खरोखर जेवल्या होत्या, निम्म्यांनी नुसती जुळवाजुळव केली होती. काय खाल्ले, याची उत्तरे जुळवून ठेवता येतात, पण कोण कुठे बसले होते, हे कोणी ठरवून ठेवत नाही, आणि वेगवेगळी काढलेली चित्रे तिथेच फसतात. मामा जीपमधून उतरले नव्हते. त्यांच्या चित्रात अर्धवट शटर होते, खालून दिसणारा वजनकाट्याचा पाया होता, आणि माझे फक्त पाय होते. मांडणी एकही नव्हती. जीपमधून त्या दिसणार तरी कशा?

प्लास्टरवाल्या माणसाचा शोध दोन दिवसांत लागला. गोदामाचा नेहमीचा भांडारपाल रजेवर असल्यामुळे ठेकेदाराने एका नातेवाइकाला तात्पुरते बसवले होते आणि त्याची नोंद हजेरीपटावर नव्हती. एक पेटी त्याच गोदामात गोणपाटांच्या मागे मिळाली. दुसरी अजून मिळालेली नाही, पण तिच्याविषयीचा पत्रव्यवहार आता ठेकेदाराशी चालू आहे.

माझी चौकशी नस्तीबंद झाल्याचे पत्र दिवाळीच्या आठवड्यात आले. त्यापूर्वी नस्ती पूर्ण करण्यासाठी मला तिन्ही चित्रे दाखवण्यात आली आणि माझ्या दोन कागदांवर तळाशी सही करायला सांगितले. पहिला आराखडा बदलून देऊ का, असे मी विचारले. मॅडम म्हणाल्या, “तो आहे तसाच राहील,” आणि त्यावर क्रमांक टाकला: सहपत्र १.