तुम्ही विचारलंत म्हणून: दुसरी बॅटरी कोणती?

आमच्या कॅम्पिंगच्या ट्रकचं मागचं दार उघडलं की लोक फ्रिज बघतात आणि विचारतात, "दुसरी बॅटरी कोणती बसवलीत?" सांगतो. पण आधी वायरचं ऐकून घ्यावं लागेल.

दुसरी बॅटरी कशाला, हे मला एका सकाळीच कळलं. रात्रभर फ्रिज आणि दिवे गाडीच्या मूळ बॅटरीवर चालले होते. सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक्-टक्. त्या बॅटरीच्या प्लेट पातळ असतात. क्षणभर शेकडो अँपिअर द्यायचे आणि अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, लगेच भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. रात्रभर सावकाश उतरत राहायचं तर जाड प्लेटची डीप सायकल बॅटरी लागते.

दोन्ही नुसत्या एकमेकींना जोडल्या तर दोघी मिळून उतरतात. म्हणून मी मध्ये व्होल्टेज बघणारा रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, टाकला. इंजिन चालू होऊन व्होल्टेज साधारण 13.3 च्या वर गेलं की तो जोडतो, 12.8 च्या आसपास आलं की तोडतो. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर मनाला येईल तेव्हा व्होल्टेज खाली आणतो. तिथे हा रिले गोंधळतो, आलेलं व्होल्टेज हवं तेवढं करून देणारा डीसी-टू-डीसी चार्जरच हवा.

तर वायर. पहिल्यांदा मी 6 स्क्वेअर एमएम जाडीची ओढली. बॉनेटपासून मागच्या खोक्यापर्यंत पाच मीटर. दिवसभर गाडी चालवूनही संध्याकाळी मागची बॅटरी अर्धवटच. बॅटरीला शिव्या घातल्या, बदलून आणली. नवीचंही तेच. शेवटी मल्टिमीटर घेऊन बसलो. पुढे 14.2, मागे 13 च्या आतबाहेर. शिशाच्या बॅटरीला पोटभर खायला 14.4 च्या जवळपास लागतं, ही बिचारी उपाशीच.

हिशेब सोपा होता, मीच केला नव्हता. जाऊन-येऊन दहा मीटर तांबं, 30 अँपिअर प्रवाह: 6 च्या वायरमध्ये जवळजवळ 0.86 व्होल्ट वाटेतच जातात. 16 ची घेतली तर 0.32. उरलेली गळती मला अर्थिंगच्या बोल्टखाली सापडली. मी लग, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, थेट चॅसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) रंगावर आवळला होता! पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, लग पुन्हा बसवला, वरून ग्रीस लावलं. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी मी एक धडधाकट बॅटरी परत देऊन आलो होतो.

फ्यूजबाबत मात्र मी हट्टी आहे. या वायरला दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन, प्रत्येक बॅटरीच्या अगदी शेजारी. फ्यूज वायर वाचवायला असतो, फ्रिज वाचवायला नव्हे. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडं) नसेल तर खडखडाटाने वायरचं कव्हर कातरलं जातं. उघडं तांबं पत्र्याला टेकलं की बॅटरी हजार अँपिअरसुद्धा ओतू शकते. तेव्हा फ्यूज नसेल तर वायर लाल होते, आणि तिच्या अंगावरच आपण गादी टाकलेली असते.

आता बॅटरी. 100 अँपिअर-अवरची एजीएम, म्हणजे शिशाचीच, पण बंदिस्त. निम्मीच वापरायची, म्हणजे हाताशी 50. आमचा फ्रिज चालू असताना चारेक अँपिअर घेतो आणि दिवसातला तिसरा हिस्सा चालतो, म्हणजे दिवसाला 32 अँपिअर-अवर. दिवे-मोबाईल धरून एक दिवस निघतो, दुसऱ्या दिवशी गाडी हलवावी लागते. लिथियम निम्म्याहून हलकी असते आणि तिच्यातलं 80 टक्के तरी वापरता येतं, हे खरं. पण आम्ही गोठणाऱ्या थंडीत मुक्काम करतो आणि शून्याखाली ती चार्ज करायची नसते. शिवाय आमच्या साध्या रिलेवर ती अल्टरनेटरकडून इतका प्रवाह ओढेल की अल्टरनेटरच तापून बसेल. वजन चालतं आम्हाला. ट्रकच आहे.