रूट होतं, पण कामी किती आलं?

फोन रूट करून, म्हणजे त्याच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवून, वर्ष झालं होतं. कंपनीचे अपडेट बंद झाले तेव्हा लिनिएजओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली दुसरी सिस्टिम टाकायचं ठरवलं. मॅजिस्क (रूट देणारं साधन) आहे, बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक आहे, म्हणजे निम्मं काम झालंच, अशा तोऱ्यात कामाला बसलो.

खरं तर रॉम, म्हणजे फोनची नवी सिस्टिम, चढवायला रूट लागतच नाही; बूटलोडर तेवढा अनलॉक हवा. रूट एकाच ठिकाणी उपयोगी पडलं, पण चांगलंच पडलं. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि सेन्सरची जुळणी ज्यांत साठवलेली असते, त्या पार्टिशनच्या (मेमरीतल्या विभागांच्या) प्रती डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने काढून संगणकावर ठेवता आल्या. फोटो काय, कुठेही कॉपी होतात. हे गेलं की गेलं. रॉम नेमक्या माझ्या मॉडेलच्या कोडनेमचा आहे ना, हे पाहिलं, फाइल धड उतरली का हे पडताळायचा एसएचए-२५६ आकडा जुळवून घेतला.

फास्टबूटमधून (संगणकावरून फोनमध्ये सिस्टिमच्या फाइल लिहायची सोय) रिकव्हरी, म्हणजे रॉम चढवायला लागणारी छोटी सिस्टिम, फ्लॅश केली आणि सवयीने फोन रीस्टार्ट केला. झालं! जुन्या सिस्टिमने चालू होता होता स्वतःची रिकव्हरी परत बसवली. दुसऱ्या खेपेला बटणं दाबून धरली आणि थेट नव्या रिकव्हरीत शिरलो. डेटा फॉरमॅट केला, साइडलोड, म्हणजे संगणकावरून केबलने रॉम पाठवणं, सुरू केलं.

४७ टक्क्यांवर आकडा थांबला. केबलला हात लावायची हिंमत होईना. संगणकाकडेच बघत बसलो होतो; फोनच्या पडद्यावर मात्र ‘स्टेटस ०’ केव्हाचं येऊन बसलं होतं, म्हणजे इन्स्टॉल व्यवस्थित झालेलं! एडीबीचा (संगणकावरून रॉम पाठवणाऱ्या प्रोग्रॅमचा) आकडा ४७ वर अडकणं नेहमीचंच आहे, हे लिनिएजच्या सूचनांमध्येच लिहिलेलं होतं. वाचलं कुणी होतं?

त्या आनंदात फोन चालू केला, गुगलची अ‍ॅप्स राहिलीच. ती पहिल्या बूटच्या आधी टाकायची असतात. मी नंतर टाकून पाहिली, तर एकेक अ‍ॅप बंद पडायला लागलं. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा सगळं पहिल्यापासून. या वेळी ४७ ला घाम फुटला नाही.

आणि रूट? मॅजिस्क बूट इमेजमध्ये, म्हणजे फोन सुरू होताना लागणाऱ्या फाइलमध्ये, असतं, ती नव्या रॉमने बदलली, त्याबरोबर तेही गेलं. बूट इमेज पॅच करून परत बसवलं, तर रूट दिसल्यामुळे बँकेचं अ‍ॅप उघडेना. दोन दिवस रूटच्या लपवाछपवीचे मॉड्यूल (मॅजिस्कला जोडायचे भाग) लावून पाहिले, मग मूळ बूट इमेज फ्लॅश करून टाकली. सध्या फोन रूटविना आहे.