तुम्ही विचारलंत म्हणून: मी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे का गेले

तपासणीच्या वेळी एका डॉक्टरांनी माझ्याशी गैरवर्तन केले, हे मी सांगितले तेव्हा लोकांनी बरेच प्रश्न विचारले. ‘तेव्हाच का बोलला नाहीत?’ असे विचारणारे आता कमी झाले आहेत. ‘मग दुसऱ्यांदा त्याच डॉक्टरांकडे का गेलात?’ हा प्रश्न मात्र अजून येतो, आणि तो बहुधा बायकाच विचारतात.

माझी कंबर खरोखरच दुखत होती. मी चोवीस वर्षांची होते, खाली बसले की उठता येत नसे, आणि आमच्या तालुक्यात हाडांचे डॉक्टर ते एकच होते. हे खरे आहे, पण अर्धेच. पहिल्या वेळी जे झाले ते तपासणीतच मोडत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती, आणि ती खरी ठरावी म्हणूनही मी गेले.

त्या पहिल्या वेळी आई सोबत होती. मी टेबलावर पालथी, मध्ये हिरवा पडदा, पडद्याखालून आईच्या चपला दिसत होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तिने दोऱ्याने शिवला होता. डॉक्टरांचा हात जिथे जायला नको तिथे होता आणि त्याच वेळी ते आईला विचारत होते, ‘यंदा सोयाबीनला काय भाव मिळाला?’ त्या आवाजात काहीच वावगे नव्हते, म्हणून वावगे असेल ते माझ्याच मनात, असे मला वाटले. मी त्या शिवणीचे टाके मोजत राहिले. निघताना मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्या नमस्काराबद्दल स्वतःला पुरती क्षमा केली आहे, असे आजही म्हणवत नाही.

जानेवारी 2018 मध्ये अमेरिकेत जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध दीडशेहून अधिक जणींची निवेदने न्यायालयात ऐकली गेली. काहींच्या आया तपासणीच्या वेळी त्याच खोलीत होत्या, तरी उपचार म्हणून त्या मुली पुन्हा पुन्हा जात राहिल्या. त्या का गेल्या, हा प्रश्न वाचताना माझ्या मनात एकदाही आला नाही. स्वतःला मात्र मी तोच विचारत आले होते.

पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत दुसरी स्त्री असणे हा स्त्री रुग्णाचा हक्क आहे, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाची रुग्णहक्क सनद सांगते. माझ्यासोबत आई होतीच. फक्त पडद्याच्या पलीकडे. आता मी परिचारिकेला पडद्याच्या आत उभे राहायला सांगते. पहिल्यांदा सांगताना घसा कोरडा पडला होता.

आईला हे अजून सांगितलेले नाही. मध्यंतरी गुडघे दाखवायला ती त्यांच्याकडेच निघाली होती. मी तिला दुसऱ्या गावी नेले, आणि तिने कारण विचारले तेव्हा तिथले एक्स-रेचे यंत्र चांगले आहे, असे सांगितले.